खरं तेवढंच

राजवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झुंबरं येतात. प्रत्यक्षात ज्या खोलीत हे राजघराणं रोज सकाळी साडेआठला न्याहारीला बसे ती जेमतेम सहा खुर्च्यांची होती. खिडकी उत्तरेला, त्यामुळे बारा महिने दिवा लावावा लागे, आणि स्वयंपाकघरातून निघालेला चहा तिथवर पोचेपर्यंत कोमट होई. चाळीस वर्षं ताई तो कोमट चहा पीत आली होती. दोन जिने आणि एक लांबलचक बोळ पार करून गरम राहणारा चहा अजून कुणी शोधलेला नाही, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

ताई म्हणजे राजाची थोरली बहीण. वय एकाहत्तर. गादी मुलाकडे जायची असा तिथला कायदा, म्हणून ती धाकट्याला मिळाली, आणि त्याबद्दल ताईने मनातल्या मनात देवाचे आभारच मानले होते. नोकरचाकर, मंत्री, राजदूत, सगळे तिला ताईच म्हणत. वर्तमानपत्रं मात्र तिला ‘राजवाड्याची सासू’ म्हणत. लग्नच न केलेल्या बाईला सासू म्हणायचं म्हणजे हद्द झाली, पण वर्तमानपत्रांना हद्द दाखवायला जातो कोण!

चहापाठोपाठ कात्रणं येत. तळमजल्यावर एक बाई भल्या पहाटे कात्री आणि डिंक घेऊन बसत. राजघराण्याबद्दल जिथे जे छापून आलं असेल ते त्या कापत, कोऱ्या कागदावर चिकटवत आणि ज्याच्यात्याच्या फायलीत लावत. मोबाइलवर फिरणारं असेल तेही छापून त्यातच. माणसं चार, फायली चार. इथपर्यंत कुठल्याही राजवाड्यात असंच चालत असेल. खरी गंमत पुढे होती. या घरात आपली फाईल आपण उघडायची नाही असा नियम होता. ती दुसऱ्याने वाचायची. त्याचं वाचून झालं की ज्याची फाईल त्याने एवढंच विचारायचं, “खरं किती?” आणि वाचणाऱ्याने त्यात जेवढं खरं असेल तेवढंच सांगायचं. शिव्या, टोमणे, व्यंगचित्रं, वरून लावलेला मीठमसाला, सगळं तिथेच मिटवून टाकायचं.

नियम वडिलांनी घातलेला होता. आई नवी नवरी होऊन आली तेव्हा भारी हसरी होती म्हणे. मग ती स्वतःबद्दल छापलेलं वाचायला लागली. दात पुढे आहेत असं कुणी लिहिलं, तिचं हसणं बंद. चालते कशी यावर कुणी अर्धं पान खर्ची घातलं, तिचं बाहेर पडणं बंद. शेवटची दहा वर्षं ती खोलीच्या बाहेर आली नाही. गेली तेव्हा रस्त्यावर ही गर्दी लोटली. ती बघून वडील म्हणाले, “ही माणसं तिला दिसली असती तर!” आणि दुसऱ्या दिवसापासून नियम लागू झाला. बाहेर कुणाला उत्तर द्यायचं नाही आणि घरात एकमेकांशी खोटं बोलायचं नाही.

राजाची फाईल ताई वाचत असे आणि ताईची राजा. राणीची फाईल मुलगी वाचे, मुलीची राणी. नियम कडक होता, पण गुणाचा होता. एकदा कुठल्याशा मासिकाने लिहिलं की राजवाड्याची सासू कामाच्या मुलींना रडवते. “खरं किती?” ताईने ऐटीत विचारलं. धाकट्याने चष्मा काढला आणि म्हणाला, “खरं आहे, ताई. काल पडद्यांवरून जिला बोललीस ती जिन्याखाली बसून रडत होती. मी पाहिलं.” ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन तिने त्या मुलीची माफी मागितली. माफी मागायची सवय नसल्यामुळे तीही जरा रागावल्यासारखीच मागितली गेली, पण मागितली.

त्या मंगळवारी राजाची फाईल नेहमीपेक्षा जाड होती.

ताईने पहिलंच पान उघडलं. फोटोत धाकटा होता आणि त्याच्यासमोर काळे कपडे घातलेली एक बाई. वर मोठ्या अक्षरांत, ‘राजाला चढली!’ गेल्या वर्षी बोगदा कोसळून नऊ कामगार गेले होते. त्यांच्या स्मरणशिळेचं काल राजाच्या हस्ते अनावरण झालं. त्या नऊ जणांच्या बायका एका ओळीत उभ्या होत्या. राजाने एकीला विचारलं, “तुमचे यजमान काय करतात?” ती बिचारी गांगरली आणि शिळेकडे बोट दाखवून म्हणाली, “त्यांचं नाव तिथे आहे.” राजाने मान हलवली, ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि त्याच बाईला हसून विचारता झाला, “आणि यजमान? ते नाही आले?”

वर्तमानपत्राच्या मते राजा भरदुपारी झोकून आला होता. आतल्या पानावर एका विद्वानाच्या मते गरिबांची थट्टा हा राजघराण्यांचा जुना षौक होता. हे सगळं साफ खोटं होतं. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून वीस वर्षांत धाकट्याने दारूला हात लावला नव्हता, आणि थट्टा करायची झाली तर तो स्वतःचीच करी.

“खरं किती?” समोरून राजाने विचारलं. तो उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलत होता, सावकाश, एकेक तुकडा बशीच्या कडेला नीट मांडत.

दारू खोटी, थट्टा खोटी. ‘काही नाही’ म्हणायला ताईने तोंडही उघडलं. हे दोन शब्द तिच्या जिभेवर बसलेलेच होते, कारण गेले आठ महिने ती तेच म्हणत होती. धाकट्याने शाळेच्या समारंभात स्वतःच्या मुलीची ओळख ‘ही माझी बहीण’ अशी करून दिली, पेपरवाल्यांनी त्यावर विनोद केले, ताई म्हणाली, काही नाही. त्याने भाषणाचं एकच पान दोनदा वाचलं, पेपरवाल्यांनी लिहिलं की राजाला जनतेचा कंटाळा आलाय, ताई म्हणाली, काही नाही. कंटाळा खोटा होता, एवढं निमित्त तिला पुरलं. पान दोनदा वाचलं होतं, हे ती गिळून बसली. का, तर भीती वाटली म्हणून. बोलून दाखवलं की ते खरं होऊन बसेल अशी लहान पोरासारखी भीती, आणि तीही एकाहत्तराव्या वर्षी!

आज मात्र शब्द बाहेर येईनात. दुसऱ्यांदाही त्या बाईचं बोट शिळेकडे होतं आणि धाकटा तिच्याकडे बघून हसत होता. फोटोच तसा होता.

“थांब जरा, अजून वाचते आहे,” ती म्हणाली.

राजाने मान वर केली. एवढ्या वर्षांत असं उत्तर त्याने ऐकलं नव्हतं. “एवढं लिहिलंय?”

“अक्षर बारीक आहे.”

तेवढ्यात चिटणीस दारात येऊन खाकरले. राजवाड्याचा सगळा पत्रव्यवहार आणि सगळी काळजी या गृहस्थांच्या डोक्यावर, त्यामुळे त्यावर आता केस उरले नव्हते. “ताई, दोन मिनिटं येता का?”

चिटणिसांच्या खोलीत राणी आणि भाची आधीच येऊन बसल्या होत्या. टेबलावर फोन थरथरत होते, कुणी उचलत नव्हतं.

“आत्या, मूग गिळून बसायचे दिवस गेले,” भाची म्हणाली. चौतिशीतली, पुढेमागे गादीवर बसायची ती हीच. मुलगे झालेच नाहीत तेव्हा कुठे कायद्याला मुली दिसल्या होत्या. “आजोबांच्या काळी पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. आता तो लोकांच्या खिशातच राहतो. बाबांना दारुडा म्हणतायत, आणि आपण काय करायचं? बागेत फिरायचं?”

चिटणिसांनी योजना सांगितली. वर्तमानपत्राला वकिलाची नोटीस. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, की महाराज दारू पीत नाहीत. आणि संध्याकाळी सात वाजता दूरदर्शनवर महाराजांची मुलाखत, थेट प्रक्षेपण, एक तास. “लोकांनी त्यांना एकदा डोळ्यांनी पाहिलं की विषय संपला. साडेअकराला जाहीर करतो.”

“थेट?” ताईने विचारलं.

“थेटच हवी. कापाकापी केली की म्हणतील काहीतरी लपवलं.”

एक तास. समोर दिवे, चार कॅमेरे आणि प्रश्न विचारणारा कुणीतरी तरबेज माणूस. ताईला धाकटा दिसला, एकच उत्तर दुसऱ्यांदा देताना, मग तिसऱ्यांदा, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून आपलं काहीतरी चुकलंय हे उमगलेला. सगळा देश बघत असताना.

तिने राणीकडे पाहिलं. राणी खिडकीजवळ उभी होती आणि अंगठी फिरवत होती.

“तुला माहीत आहे ना?” ताईने विचारलं.

“मला काय माहीत असणार?” राणी वळली नाही. “त्यांची फाईल तुमच्याकडे असते.”

टोला वर्मी बसला. बरोबरच होतं तिचं. ती त्याच्याशेजारी झोपत होती, रात्री तो तिला दोनदोनदा काय विचारत असेल ते तिलाच ठाऊक, पण नियमाच्या आड तीही लपली होती आणि ताईही. घराला वाचवायला घातलेल्या नियमाचा सगळ्यांनी मिळून पडदा केला होता. ताईला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. खुर्ची ओढून बसावं आणि पुन्हा उठूच नये असं वाटलं.

“मी येईपर्यंत काही जाहीर करू नका,” ती म्हणाली.

“साडेअकरा, ताई.” चिटणीस घड्याळाकडे बघत म्हणाले.

राजा सहीच्या खोलीत होता. त्या खोलीत दुसरं काही घडतच नसे. कारकून कागदांचा गठ्ठा ठेवून जाई आणि जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवून जाई. गेल्या काही महिन्यांत चिठ्ठ्यांवर बाणही आले होते. ताईने ते आज पहिल्यांदा नीट पाहिले. म्हणजे कारकुनालाही ठाऊक होतं.

ती समोर बसली. “धाकट्या, पेन ठेव.”

त्याने ठेवलं.

“सकाळी विचारलंस, खरं किती. दारूचं खोटं आहे. थट्टेचं खोटं आहे. पण त्या बाईला तू नवऱ्याबद्दल विचारलंस, तिने सांगितलं तो गेला, आणि चार मिनिटांनी तू पुन्हा तेच विचारलंस. एवढं खरं आहे.”

राजाचा चेहरा आधी कोरा झाला. त्याला ते आठवत नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“दोनदा विचारलं? तिला?”

“हो.”

“ती काय म्हणाली?”

“दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. रडली.”

त्याने पेनाला टोपण लावलं आणि कागदांचा गठ्ठा बाजूला सारला. ताईला वाटलं, आता उठावं आणि जवळ घ्यावं त्याला, पण अजून निम्मं सांगायचं उरलं होतं आणि जवळ घेतल्यावर ते सांगणं तिला जमलं नसतं.

“हे पहिल्यांदा नाही झालेलं. आठ महिने होतंय. पेपरात येत होतं. मी तुला सांगितलं नाही.”

“आठ महिने, ताई?”

“आठ.”

“मी रोज विचारत होतो.”

“हो.”

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो चढला तेव्हा फाटला. “एकदा मी जिन्यात थांबलो. वर चाललोय की खाली, काही केल्या आठवेना. पहारेकऱ्याने सलाम ठोकला, मीही ठोकला आणि तसाच उभा. तेव्हाच ठरवलं होतं डॉक्टरांना बोलवायचं. मग म्हटलं, उगाच राईचा पर्वत नको. आपले पेपरवाले काही सोडत नाहीत. माझं काही बिनसलं असेल तर आधी त्यांना दिसेल, आणि त्यांनी लिहिलं की ताई सांगेल. दुसऱ्या दिवशी तुला विचारलं. तू म्हणालीस, काही नाही. मी हुश्श केलं. रोज करत होतो. रोज सकाळी तुझ्या तोंडून ऐकायचं आणि दिवस काढायचा.”

तिने त्याला वाचवलं नव्हतं. ज्या एका माणसाच्या शब्दावर तो स्वतःला तपासून बघत होता, त्या माणसाने त्याला रोज खोटं उत्तर दिलं होतं.

“माझं वाईट चिंतणारे खरं लिहीत होते,” राजा म्हणाला, “आणि तू...” त्याने हात झटकला. “मला वेळेवर कळलं असतं तर मी काल तिथे गेलोच नसतो. पोरीला पाठवलं असतं. त्या बाईला हे भोगावं लागलं नसतं. ते तिच्या खाती कशाला, ताई? तिचं आधीच काय कमी गेलंय?”

“चुकले मी,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

साडेअकराला राजा स्वतःच्या पायांनी चिटणिसांच्या खोलीत गेला. मुलाखत नाही, म्हणाला, नोटीसही नाही. लिहून घ्या. आणि उभ्याउभ्याच त्याने तीन वाक्यं सांगितली. ‘मी प्यायलो नव्हतो. मी विसरलो, आणि काही महिने माझं असं होत आहे. त्या बाईंच्या घरी जाऊन मी त्यांची माफी मागणार आहे.’

चिटणिसांची लेखणी अधांतरी राहिली. “महाराज, राजवाडा असं... म्हणजे इन्कार कसा करायचा याचे नमुने आहेत आपल्याकडे. कबुलीचा नमुना नाही.”

“आता झाला ना,” राजा म्हणाला.

भाची रडायला लागली. राणीने पुढे होऊन नवऱ्याचा हात धरला, आणि तिने तो इतक्या सहज धरला की किती महिने ती याची वाट बघत होती हे ताईला कळलं.

“पुढचं सगळं पोरीच्या हाती द्यायचं बघू,” राजा म्हणाला. “आणि उद्यापासून माझी फाईल हिच्याकडे द्या.” त्याने राणीकडे बोट केलं. ताईकडे त्याने पाहिलंही नाही. “ताईने वाचायची नाही.”

दुपारी तो त्या बाईच्या घरी जाऊन आला. सोबत राणी गेली. ताईला कुणी चल म्हटलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

बुधवारी सकाळी साडेआठला दिवा लागला, कोमट चहा आला आणि त्यामागून फायली. कात्रणवाल्या बाईंचे डोळे सुजलेले दिसत होते. बहुतेक ठिकाणी बरं लिहून आलं होतं. ‘राजाला चढली’ म्हणणाऱ्यानेही आता राजाच्या धैर्याचे गोडवे गायले होते, कोलांटउडी मारताना जराही न लाजता. एकाने मात्र ही सगळी सहानुभूती मिळवायची युक्ती असल्याचं लिहिलं होतं. हे सारं ताईला नंतर कळलं. त्या क्षणी तिच्यासमोर फक्त तिची रिकामी बशी होती.

राजा बसला. काल तो थकून लवकर झोपला होता, आज ताजातवाना दिसत होता. आपण आजारी आहोत हे त्याला आठवत होतं. त्या बाईने दिलेलं पाणी, तिच्या घरातली फोटोची चौकट, सगळं त्याने चहा ओतताना सांगितलं. मग त्याने आपली फाईल उचलली आणि नेहमीसारखी टेबलावरून ताईकडे सरकवली.

“हं, ताई. खरं किती?”

राणीचा हात फाईल घ्यायला पुढे आला होता. तो मध्येच थांबला. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि हात हळूच मागे घेऊन मांडीवर ठेवला. भाची चमचा चाटत होती ती तशीच राहिली.

त्याला ताईचं काही आठवत नव्हतं. तेवढंच पुसलं गेलं होतं. बोगदा होता, बाई होती, निवेदन होतं, आणि ताई जशी कायम होती तशी त्याच्या मनात पुन्हा साफ होती. फाईल तिच्या बोटांना लागली होती. उघडायची, वाचायची, सांगायचं. कुणी हरकत घेणार नव्हतं. राणीने तर हात मागे घेऊन सांगितलंच होतं. ताईला ते हवं होतं, किती हवं होतं ते तिचं तिलाच माहीत. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

तिने फाईल राणीकडे सरकवली.

“माझ्याकडे नाही द्यायची, धाकट्या. आता हिने वाचायची, असं तू काल ठरवलंस.”

“मी?” राजा हसला. “का बरं?”

“कारण पेपरात तुझ्याबद्दल खरं येत होतं आणि मी तुला काही नाही म्हणून सांगत होते. आठ महिने.”

त्याचं हसू उतरलं. चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावरचा रंग उडाला.

“आठ महिने, ताई?” त्याने विचारलं, कालच्याच आवाजात, पहिल्यांदाच ऐकावं तसं. ताईने कप बाजूला ठेवला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.